कुमुदताईंनी घातलेले वाटे

कुमुदताई दातारांच्या हाताखालून खराब माल सुटला, असं उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. परमानंद शेठच्या जीन्सच्या गाळ्यात त्या चेकिंगला बसत. शिवून आलेली पँट उलटी करायची, शिलाईवरून अंगठा फिरवायचा, खिशात हात घालून बघायचं, आणि चूक सापडली की ती पँट कारागिराच्या पुढ्यात टाकायची. बोलणं एकच असे, "हे तू घालशील?" कारागीर त्यांना टरकून असत, पाठीमागे काहीबाही बोलत, आणि ईदला शीरखुर्मा मात्र पहिला त्यांनाच आणून देत. अंबरनाथ पूर्वेच्या चांगल्या घरातली, कारखान्यातल्या ऑफिसरची मुलगी धाग्यांच्या कचऱ्यात येऊन बसली, याचं सुरुवातीला लोकांना नवल वाटलं होतं. आता साठी जवळ आली होती आणि त्या नसल्या तरच नवल वाटे.

बसल्या कशा, ते सरळ होतं. वडील विष्णुपंत एका केमिकल कारखान्यात ऑफिसर होते. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा धाकटा महेंद्र डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होता. विष्णुपंत व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले ते जणू उठलेच नाहीत. कुमुदताई उठल्या. त्यांच्या लग्नाची एका ठिकाणी बोलणी चालू होती, ती मागे पडली आणि मग मागेच राहिली. महेंद्रची फी, आईचं दुखणं, वडिलांचा चारचौघांतला मान, सगळं त्या गाळ्यातल्या पगारावर निभावलं. कोणी त्याग वगैरे शब्द काढला की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. कोणीतरी उठायला हवं होतं, मी उठले, एवढंच त्यांचं म्हणणं.

आई आधीच गेली होती. विष्णुपंत गेल्यावर मागे दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे अंबरनाथचं घर, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला सोसायटीच्या प्लॉटवर बांधलेलं बैठं कौलारू. पावसाळ्यात तीन ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागत, न्हाणीघराचं दार खालून कुजलेलं, पण त्यात कुमुदताईंचा जन्म गेला होता. दुसरी म्हणजे बदलापूर पश्चिमेला, नदीच्या अंगाला, आजोबांच्या वेळची पंधरा गुंठे जमीन. तिच्या रस्त्यावर आता बिल्डरांच्या पाट्या लागल्या होत्या आणि एकेका पाटीवर पोहण्याचा तलाव होता. घर म्हणजे खर्चाचं बिऱ्हाड आणि जमीन म्हणजे सोनं, यात नात्यागोत्यात कोणालाच शंका नव्हती. शंका नव्हती म्हणून कोणी कधी बघितलंही नव्हतं.

वडिलांचं वर्षश्राद्ध झालं आणि महेंद्रने विषय काढला. तो बदलापूरला राहायचा, नवी मुंबईत एका कंपनीत नोकरी, बायको वृंदा, मुलगा शौनक पुण्याला शिकायला. माणूस वाईट नव्हता. फक्त बहिणीने आपल्यासाठी काय केलं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ओझं त्याला आवडत नव्हतं. चहा पिता पिता तो म्हणाला, "ताई, घर तू ठेव. तुझा जीव आहे त्यात. मी आपला जमिनीवर समाधान मानतो. वाटे घालायची, उचलायची भानगडच नको."

दातारांच्या घरात वाटणीची एक जुनी रीत होती. मोठ्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. वाटे घालणाऱ्याला माहीत असतं की आपल्याला उरलेला वाटा मिळणार, म्हणून तो ते सारखेच घालतो. आजोबांच्या वेळी असंच झालं, त्यांच्या आधीही असंच. त्या रितीला भानगड म्हणून बाजूला सारून महेंद्र सोनं स्वतःकडे ठेवत होता, बादल्या बहिणीला देत होता, आणि वर मोठेपणाही घेत होता. आवळा देऊन कोहळा काढायचा आणि आवळ्याबद्दल आभारही मानून घ्यायचे, असा तो प्रकार. कुमुदताई "बरं" म्हणाल्या. घर त्यांना हवंच होतं. पण तो गेल्यावर त्यांनी कपबशा रागारागाने विसळून आदळल्या.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात त्यांनी चांगल्या पँटी परत पाठवल्या तेव्हा परमानंद शेठने त्यांना आत बोलावलं. शेठ सत्तरीचे, सिंधी, बाप फाळणीत रिकाम्या हाताने आलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की घराचा आणि जमिनीचा भाव कोणी काढला. कुमुदताई म्हणाल्या, भाव काय काढायचा, सगळ्यांना माहीत आहे.

"दीदी, सबको मालूम है मतलब किसी को मालूम नहीं," शेठ म्हणाले. "मैं चालीस साल से धंधा करता हूँ, लेकिन अपनी दुकान का भाव खुद नहीं लगाता. दिल बीच में आ जाता है. तुम्हारा भाई लालच से बोलता है, तुम गुस्से से बोलती हो. ऐसा आदमी बुलाओ जिसका उस घर में न कोई मरा, न कोई पैदा हुआ."

त्यांनी एक नंबर दिला. गाळ्यावर कर्ज काढताना ज्या सरकारमान्य व्हॅल्युअरने त्याची किंमत काढली होती, तिचा.

घरचा मामला मोजायला परकं माणूस आणायचं, हे कुमुदताईंना जड गेलं. दातारांच्यात असं कोणी केलं नव्हतं. आपल्या माणसांत मोजमाप करायचं नसतं, असं विष्णुपंत म्हणत. पण जमीन घराच्या तिप्पट आहे एवढं एकदा शिक्क्यासह हातात आलं, की ते महेंद्रसमोर ठेवायचं आणि म्हणायचं, बाबा, घेतोस ते घे, पण उपकार करतोस असं म्हणू नकोस. त्यांना पैसा नको होता. त्यांना त्याच्या तोंडावरचा तो मोठेपणा उतरलेला बघायचा होता. एवढ्यासाठी त्यांनी फोन केला.

श्रद्धा नावाची ती मुलगी पस्तिशीची असेल, स्थापत्य शिकलेली, स्कूटरवरून आली. घरात शिरल्यावर तिने कौलांकडे पाहिलं, भिंतींवर हात फिरवला, आणि मग घराकडे पाठ करून अंगणातच जास्त वेळ काढला. रस्ता किती रुंद, तो पुढे कुठे मिळतो, सोसायटीची मूळ कागदपत्रं, कोपऱ्यावरची नवी इमारत किती मजली, शेजारच्यांनी विकलं तेव्हा नोंदणी कितीची झाली. कुमुदताईंनी गळक्या जागा दाखवायला सुरुवात केली तर ती हसली. म्हणाली, काकू, कौलं बदलता येतात, कोपरा बदलता येत नाही.

मग दोघी बदलापूरला गेल्या. जमिनीवर गुडघाभर गवत होतं. श्रद्धाने मोबाइलमध्ये नकाशा उघडला, बांधावरून नदीकडे चालत गेली, परत आली, पुन्हा गेली. परत येताना तिचं तोंड बदललेलं होतं. गाळ्यात एवढी वर्षं काढल्यावर कुमुदताईंना ते तोंड ओळखता येत होतं. खराब माल सापडल्याचं तोंड.

"काकू, ही सगळी जमीन निळ्या पूररेषेच्या आत आहे," ती म्हणाली. "नदीचं पाणी वारंवार जिथपर्यंत चढतं ती ही हद्द. आत बांधकामाला परवानगी मिळत नाही. घर नाही, गोदाम नाही, बंगला नाही. रस्त्यावर पाट्या दिसतात त्या रेषेच्या पलीकडच्या जागांच्या आहेत. लोक गुंठ्याचा जो भाव सांगतात तो तिकडचा आहे, इथला नाही."

कुमुदताईंना आधी नीट कळलंच नाही. कागदाची पडताळणी करून चार दिवसांनी श्रद्धाने अहवाल दिला, तेव्हा आकडे समोर आले. घराचा प्लॉट जमिनीच्या पाचपट. गळक्या कौलांसकट पाचपट.

त्यांना पहिल्यांदा हसू आलं. खोटं कशाला सांगा, चांगलं पोट धरून हसू आलं. ज्याने सोनं म्हणून उचललं ते गवत निघालं, आणि ज्या बहिणीला बादल्या दिल्या तिच्या पदरात सगळं पडलं. तेही तिने न मागता, त्याच्याच तोंडून. देवाने स्वतः चेकिंगला बसून न्याय केला असता तरी याहून नेमका केला नसता. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

सकाळी मात्र चहा गाळता गाळता त्यांच्या लक्षात आलं. कालपर्यंत फसवला जाणारा माणूस आपण होतो. आज फसवणारा आपण होतो. मधे काहीही घडलं नव्हतं, एक मुलगी गवतात चालून आली होती एवढंच. पण आता त्यांना माहीत होतं आणि महेंद्रला नव्हतं, आणि त्याचं त्या जमिनीवर बंगला बांधायचं चाललं होतं. शौनकसाठी वरचा मजला, खाली आपण दोघं, असा नकाशा त्याने कागदावर काढून दाखवलेला होता. तो राहता फ्लॅट विकून त्यात पैसा ओतणार होता.

सांगावं तर काय होईल, हे त्यांनी पुन्हा पुन्हा मनात फिरवून बघितलं. सांगितलं की महेंद्र म्हणणार, मग रितीनेच होऊ दे. त्याला उचलायचा पहिला हक्क आहे. तो घर उचलेल, विकून टाकेल, आणि कुमुदताईंच्या वाट्याला पूररेषेतलं गवत येईल. साठीच्या उंबरठ्यावर त्यांना भाड्याची खोली शोधावी लागेल. किंमत काढून अर्धं अर्धं करायचं म्हटलं तरी घर विकल्याशिवाय ते होणार नव्हतं. कुठूनही गेलं तरी घर जात होतं. आणि गप्प बसलं तर काहीच करायचं नव्हतं. फक्त "बरं" म्हणायचं होतं, आणि ते तर आधीच म्हणून झालं होतं.

त्या गप्प बसायच्या बाजूने होत्या. हे त्यांच्याविषयी नीट सांगायलाच हवं, कारण पुढचं ऐकून कोणी त्यांना देवीबिवी करेल. त्यांनी स्वतःशी हिशेब मांडला की मी याला शिकवलं, मी याच्यासाठी राहिले, आता एकदा घेतलं तर काय बिघडलं. तो शोधायला गेला असता तर त्यालाही कळलं असतं. पूररेषा काही मी आखलेली नाही.

मग महेंद्रचा फोन आला. शेजारच्या सोमाने त्याला सांगितलं होतं की घरी कोणी बाई मोजमाप करून गेली. कुमुदताईंच्या तोंडून निघून गेलं की वाळवीचं औषध मारणाऱ्या कंपनीची होती. महेंद्र "अच्छा" म्हणाला, आणि फोन ठेवला. आयुष्यात त्यांनी भावाला खडसावलं होतं, चार शब्द सुनावले होते, एकदा कॉलेज बुडवल्याबद्दल मारलंही होतं. खोटं पहिल्यांदा बोलल्या. फोन खाली ठेवला तेव्हा कानाची पाळी गरम झाली होती.

वाटणीसाठी रविवार ठरला होता. वकिलाला द्यायचा मसुदा त्या दिवशी घरी बसून नक्की करायचा होता. शुक्रवारी महेंद्रचा पुन्हा फोन आला, आणि या वेळी त्याचा आवाज वेगळाच होता. म्हणाला, ताई, मी विचार केला, रीत मोडायला नको. बाबांना वाईट वाटलं असतं. तू वाटे घाल, मी उचलतो. इंदुआत्याला घेऊन येतो, ती साक्षीला असू दे.

कुमुदताईंनी कारण विचारलं. तो म्हणाला, कारण कसलं, पद्धत ती पद्धत. जमीनच उचलणार ना, असं विचारायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण विचारलं असतं तर का विचारलं तेही सांगावं लागलं असतं. त्या "ये" म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांना काही सुचेना. कुठे काय बिनसलं ते कळत नव्हतं, पण बिनसलं होतं. दोन दिवस त्यांनी गाळ्यात माल तपासला आणि एकही पँट परत पाठवली नाही. कारागिरांनाच भीती वाटायला लागली.

रविवारी सकाळी महेंद्र आणि वृंदा इंदुआत्याला घेऊन आले. आत्या म्हणजे विष्णुपंतांची धाकटी बहीण, ऐंशी ओलांडलेली, गुडघ्यांनी गेलेली पण जिभेने शाबूत. तिला खुर्चीवर बसवलं. वृंदा आल्यापासून कोणाच्या नजरेला नजर देत नव्हती. एरवी ती आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरे. आज ती पर्स मांडीवर घेऊन पाहुण्यासारखी बसून राहिली. महेंद्रने पाणी मागितलं, पेला हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

रितीप्रमाणे कुमुदताईंनी पाट मांडला. पाटावर एका बाजूला घराच्या कौलाचा तुकडा, दुसऱ्या बाजूला जमिनीवरून आणलेलं मातीचं ढेकूळ, आणि दोन्हींवर एकेक सुपारी. धाकट्याने एक सुपारी उचलायची, मग नारळ फोडायचा, तुकडा तोंडात घालायचा, आणि मग त्यावर जन्मात बोलायचं नाही. ढेकूळ आणायला त्या आदल्या दिवशी गाळ्यातून सुटल्यावर एकट्याच बदलापूरला जाऊन आल्या होत्या. गवतात उभं राहून त्यांनी ठरवलं होतं, गप्प बसायचं. ठरवून, रुमालात माती बांधून आणली होती.

आत्याने पाटाकडे पाहिलं आणि वाटे घालणाऱ्याला विचारायचा प्रश्न विचारला. "कुमुद, तू वाटे घातलेस. यातला कुठलाही तुझ्याकडे उरला तर तुझी तक्रार नाही ना?"

उत्तर एका शब्दाचं होतं. आजोबांनी दिलं होतं, त्यांच्या आधीच्यांनी दिलं होतं. कुमुदताईंनी तो द्यायला मान वर केली. पाटापलीकडे महेंद्र बसला होता. त्याच्या कपाळावर घाम होता आणि त्याचा उजवा हात मांडीवर मूठ आवळून होता. त्यांना वाटलं, याला जमिनीची किती घाई झाली आहे. या घाईने हा मरणार आहे, आणि मरताना त्याला कळणारही नाही की मारलं कोणी.

"थांब आत्या," त्या म्हणाल्या. "वाटे सारखे नाहीत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. वाळवीवाली नव्हती, व्हॅल्युअर होती, मी खोटं बोलले. जमीन पूररेषेत आहे, तिथे वीट लावता येणार नाही. घर तिच्या पाचपट आहे. मी जमीन जास्त निघेल म्हणून मोजायला गेले होते, तुझी मान खाली करायला, आणि निघालं हे. आठ दिवस मला माहीत आहे. आठ दिवस मी गप्प बसायचं ठरवत होते. आतून अहवाल आणून त्यांनी पाटावर ठेवला. बोलताना त्यांचा आवाज गाळ्यातल्यासारखा कोरडा होता, पण उभ्या मात्र त्या भिंतीला टेकून होत्या.

"आता उचल," त्या म्हणाल्या. "घर उचललंस तरी मी काही बोलणार नाही. रीत आहे."

महेंद्रने अहवालाला हात लावला नाही. तो बहिणीकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा फटफटीत पांढरा पडला होता. वृंदा हळूच म्हणाली, "अहो." तिने नवऱ्याच्या बाहीला हात लावला. त्याने हात बाजूला केला, पुढे वाकला, आणि ढेकळावरची सुपारी उचलली.

आत्याला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. "अरे, ती काय म्हणाली ते ऐकलंस का? तिथे घर बांधता येत नाही."

"ऐकलं आत्या. मी बांधणार नाही. नारळ दे इकडे."

कुमुदताईंचं डोकं भणाणलं. त्या त्याच्यावर ओरडणारच होत्या. त्यांना वाटलं, याला आपल्यावर विश्वास नाही. बहिणीला जमीन हवी आहे म्हणून ती पैसे देऊन अहवाल लिहून आणते, असं याला वाटतं आहे. एवढा जीव काढून खरं सांगितलं आणि तरी हा हावेपोटी खड्ड्यात उडी मारतो आहे. पण तोवर महेंद्र नारळ घेऊन अंगणात गेला होता आणि पायरीवर तो फोडल्याचा आवाजही आला होता. कुमुदताई तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेल्या. गॅस पेटवायला त्यांना तीन काड्या लागल्या.

वृंदा मागोमाग आली. दाराशी उभी राहून ती जमिनीकडे बघत बोलली.

"ताई, यांना माहीत होतं. बंगल्यासाठी कर्जाची चौकशी करायला सातबारा घेऊन बँकेत गेले होते. बँकेने आपला व्हॅल्युअर पाठवला. गुरुवारी त्याने सांगितलं, पूररेषेत आहे, कर्ज होणार नाही. घराचाही अंदाज त्याच्याकडूनच घेतला."

कुमुदताईंनी पातेलं खाली ठेवलं. शुक्रवारचा फोन, पद्धत ती पद्धत, आत्या साक्षीला, सगळं एका झटक्यात त्यांच्या समोर येऊन उभं राहिलं.

"म्हणजे आज येताना..."

"घर उचलायचं ठरवून निघालो होतो," वृंदा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तुम्हाला काही माहीत नाही असं समजून. मीही हो म्हणाले होते ताई. एकटे ते नव्हते. आता तुम्ही बोलल्यावर त्यांनी काय केलं ते तुम्ही बघितलंत. मला आधी राग आला. आता नाही."

ती बशीत खोबऱ्याचे तुकडे घेऊन आली होती. एक तुकडा तिने ओट्यावर ठेवला आणि बाहेर निघून गेली. कुमुदताईंनी गॅस बंद केला. भाऊ आपल्याला बेघर करायला आला होता, हे त्यांना कळलं होतं, आणि त्याचं दुःख व्हायला हवं होतं. ते झालंही. पण त्याच्या वरताण दुसरंच काहीतरी मनात उभं राहत होतं. आयुष्यभर त्याने जे दिलं ते सांगून दिलं होतं. साडी दिली तर किंमत सांगून, दवाखान्यात नेलं तर रजा पडल्याचं सांगून. आज त्याने घर दिलं आणि वर स्वतःला मूर्ख म्हणवून घेतलं, एक शब्द न बोलता.

खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन त्या बाहेर आल्या. आत्याला गाडीत बसवून महेंद्र चपला घालायला पायरीशी परत आला होता. कुमुदताई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी अजून खोबरं तोंडात घातलेलं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे वाटणी झालेली नाही. परत बस. घराचं अर्धं अर्धं करू. विकावं लागलं तर विकू."

महेंद्रने आत वृंदाकडे पाहिलं, आणि बहिणीला सगळं कळलं आहे हे त्याला समजलं. तो चपलेचा पट्टा लावत खाली वाकला तो वाकूनच राहिला.

"ताई, आज मी चोरासारखा आलो होतो," तो म्हणाला. "जाताना तरी नीट जाऊ दे."

कुमुदताईंना खूप बोलायचं होतं. गाढवा, असं म्हणायचं होतं, जवळ घ्यायचं होतं, दोन कानाखाली द्यायच्या होत्या. फ्लॅट विकायचा नाही, शौनकच्या शिक्षणाला मी आहे, या घरात तुझी खोली तशीच राहील, हेही सांगायचं होतं. ते सगळं नंतर सांगता येणार होतं, आणि त्यांनी ते सांगितलंही. त्या वेळी त्यांनी हातातला तुकडा तोंडात घातला, महेंद्र वर मान करून बघत असताना सावकाश चावून खाल्ला, आणि त्याला जाऊ दिलं.